संधिवात म्हणजे नेमका कोणता?

फौजेत तीस वर्षं काढली, गुडघे झिजले. आता नोएडात दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढताना दुखतं, बसलं की थांबतं. म्हणून पत्नीची बोटं दुखायला लागली तेव्हा निदान मीच करून टाकलं: "वय झालं, संधिवात आहे, माझ्याच गोळ्या घे." पाच महिने तिने त्या घेतल्या. चूक माझी.

तिचं दुखणं वेगळं होतं. सकाळी तास-दीड तास मूठ वळायची नाही. दोन्ही हातांच्या बोटांना मुळाशी सूज, आणि हालचाल केली की उलट थोडं बरं वाटायचं. हा आमवात, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस. माझ्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. तिच्या सांध्यांवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती चाल करून जाते. आपलीच तोफ आपल्याच ठाण्यावर! उपचाराला उशीर झाला तर हाड झिजतं, बोटं वाकडी होतात. वेदनाशामक गोळी दुखणं दाबते, हे नुकसान थांबवत नाही.

दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेली एक पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. आरोग्यसेवकांनी घरोघरी फिरून ३,३९३ संशयित नोंदवले. डॉक्टरांनी तपासल्यावर आमवात ठरला २९९ जणांना. सांधे पुष्कळांचे दुखतात, त्या गर्दीत हे थोडे हरवतात. माझ्या तर घरातच हरवला होता.

केवळ रक्ताच्या रिपोर्टवरही जाऊ नका. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो. सांधे हाताने दाबून पाहणारा डॉक्टर हवा, शक्यतो रूमेटॉलॉजिस्ट.

रात्री अचानक पायाचा अंगठा लाल होऊन ठणकला तर गाऊटचा, म्हणजे युरिक अॅसिडचा संशय घ्यावा. २०१६ च्या साथीनंतर दिल्लीकरांना चिकनगुनियाची महिनोन्महिने रेंगाळणारी सांधेदुखीही ठाऊक झाली. पण एकच सांधा गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आत पू झालेला असू शकतो.

पत्नीला मेथोट्रेक्सेट सुरू झालं. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. आणि हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. आमच्या फ्रिजवर लाल अक्षरांत लिहिलंय: फक्त रविवार.