सहा टिंबांतला भूगोल

बालभारतीचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करतं. पाठांतराला फाटा देणारं हे पुस्तक मला मनापासून आवडतं. पानापानावर नकाशा किंवा आलेख समोर ठेवायचा, 'निरीक्षण करा आणि सांगा' म्हणायचं आणि निष्कर्ष मुलांनाच काढू द्यायचा, अशी त्याची रीत आहे. दृष्टिहीन मुलाची पंचाईत होते ती नेमकी इथेच. मजकूर ब्रेलमध्ये उतरवला, तरी पुस्तकाचा जो भाग विचार करायला लावतो, तो डोळस मुलांच्याच प्रतीत राहून जातो.

दहावीच्या परीक्षेत नकाशाच्या प्रश्नाऐवजी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पर्यायी प्रश्न मिळतो. लेखनिक मिळतो, तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात. या सवलती मिळवायला माणसं वर्षानुवर्षं झगडली आहेत आणि त्या हव्यातच. पण पर्यायी प्रश्नाचा एक परिणाम नजरेआड करून चालणार नाही. परीक्षेला नकाशा नाही म्हटल्यावर वर्गात तो कशाला शिकवायचा, आणि शिकवायचाच नाही तर बनवायचा कशाला, असं आपसूक ठरून जातं. सवलत परीक्षेपुरती असते, ज्ञानातली उणीव मात्र जन्मभर सोबत राहते.

बोटांनी वाचायचा नकाशा करणं सोपं नाही, हे खरं. साधा हिशोब करून पाहू. ब्रेलचं एक घर म्हणजे दोन उभ्या ओळींत मांडलेली सहा टिंबं. शेजारच्या घरापर्यंतच्या मोकळ्या जागेसकट ते साधारण सहा मिलिमीटर रुंदी घेतं. 'महाराष्ट्र' हा शब्द ब्रेलमध्ये लिहायला दहा घरं लागतात, म्हणजे सहा सेंटिमीटर. ब्रेलच्या मोठ्या कागदावर, सुमारे २८ सेंटिमीटर उंचीत, दक्षिणोत्तर ३,२१४ किलोमीटरचा भारत बसवला, तर महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम रुंदी सात सेंटिमीटर भरते. राज्याचं नाव लिहिलं की राज्य संपलं. नद्या, घाट, शहरं कुठे दाखवायची? 'गोवा' लिहायला चार घरं, म्हणजे जवळपास अडीच सेंटिमीटर लागतात, आणि त्या नकाशावर गोव्याची लांबी एक सेंटिमीटरसुद्धा होत नाही.

म्हणून छापील नकाशाच्या रेषा उठावदार केल्या की झालं, असं होत नाही. रंगांचे पट्टे, नद्या, सीमा, शहरं हे सगळं डोळा एका दृष्टिक्षेपात वेगवेगळं करतो. बोटाला ते एकेक करून चाचपावं लागतं, आणि दोन रेषांमध्ये तीनेक मिलिमीटरचं अंतर नसेल तर त्या एकच भासतात. जाणकार माणूस एका नकाशाचे तीन-चार नकाशे करतो. पहिल्यावर नुसती देशाची सीमा आणि समुद्र, दुसऱ्यावर नद्या, तिसऱ्यावर पाऊस. समुद्राला एक पोत, वाळवंटाला दुसरा. नावांऐवजी एक-दोन अक्षरी खुणा आणि सोबत सूचीचं वेगळं पान. ब्राझीलचा किनारा वेडावाकडा असला तरी त्यातली बारीक वळणं सोडून द्यायची. कारण बोट त्या वळणांतच अडकतं आणि देशाचा आकार मनात उभा राहत नाही. काय गाळायचं हे ठरवायला भूगोलाचा शिक्षक हवा आणि बोटाला काय कळतं हे सांगायला बोटांनी वाचणारा माणूस हवा.

असे नकाशे करायच्या पद्धती आपल्याकडे आहेत. साच्यावर प्लॅस्टिकचा पातळ तक्ता ठेवून, तो तापवून, हवा ओढून घेतली की उठाव जसाच्या तसा उमटतो. थर्मोफॉर्म म्हणतात ते हेच. आयआयटी दिल्लीतल्या स्पर्शचित्रांच्या केंद्राने या दिशेने भरीव काम केलं आहे. एकदा साचा झाला की प्रती काढणं कठीण नसतं. वेळ जातो तो पहिल्या आराखड्यात.

मराठी ब्रेलचीही स्वतःची रीत आहे. छापील 'कि'मध्ये वेलांटी अक्षराच्या आधी दिसते. ब्रेलमध्ये आधी क, मग इ, उच्चाराच्या क्रमाने. काना-मात्रांना निराळी चिन्हं नाहीत, व्यंजनापुढे आलेला स्वर हीच मात्रा. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते. आता 'सई' हे नाव घ्या. स आणि पुढे ई लिहिलं तर ते 'सी' वाचलं जाईल, म्हणून मध्ये अ घालावा लागतो. असल्या बारकाव्यांमुळे संगणकाने केलेलं ब्रेल रूपांतर तपासल्याशिवाय छापणं धोक्याचं असतं.

ही एकसंध लिपीही आयती मिळालेली नाही. लुई ब्रेलने आपली पद्धत १८२९ साली प्रसिद्ध केली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनची अंधशाळा निघाली, तीच आजची दादरची शाळा. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. त्या काळात देशात शाह, नीलकंठराय, म्हैसूर, ओरिएंटल अशा कितीतरी ब्रेल लिप्या चालत. एका शाळेचं पुस्तक दुसऱ्या शाळेच्या मुलाला वाचता येईलच असं नव्हतं. १९५१ साली भारती ब्रेल ठरली आणि सगळ्या भारतीय भाषांना एक पाया मिळाला. मराठीत ब्रेलमधून नियमित वाचायला मिळावं म्हणून स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे पाक्षिक सुरू केलं. मुलाला पाठ्यपुस्तकाशिवाय वाचायला काहीच नसेल, तर त्याच्या वाचनाला वेग कुठून येणार?

कायद्याची अडचण तर कधीच दूर झाली आहे. पूर्वी पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित करायचं तर प्रकाशकाच्या परवानगीचा प्रश्न यायचा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग वाचकांसाठी, नफा न मिळवता, अशी प्रत काढायला मोकळीक मिळाली. २०१३ साली अशाच मोकळीकीसाठी माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ तर स्पष्टच सांगतं की ठरावीक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि इतर शैक्षणिक साहित्य मोफत पुरवायचं. त्याच वर्षी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

मग अडतं कुठे? माझं उत्तर आहे, फाइलपाशी. मराठी छपाईत जुन्या फॉन्टची सवय अजून गेलेली नाही. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'पाऊस' दिसतो, पण संगणकाच्या पोटात भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर तीच वाचतो. एनव्हीडीएसारखा फुकट मिळणारा, मराठी बोलणारा स्क्रीन रीडर हाताशी असूनही मुलाच्या कानावर निरर्थक अक्षरांचा मारा होतो. स्कॅन केलेलं पुस्तक असेल तर तो गप्पच बसतो, कारण त्याच्या लेखी ते पान म्हणजे एक चित्र. युनिकोडमधून काढलेल्या पीडीएफमध्येही कधी जोडाक्षरं फुटतात, कधी वेलांटी जागा सोडते, कधी चौकटीतला मजकूर परिच्छेदाच्या मध्येच घुसतो. मग कुणीतरी स्वयंसेवक अख्खं पुस्तक पुन्हा टाइप करायला बसतो. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, गृहिणी रात्री जागून हे करतात. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण जो मजकूर एकदा सरकारी खर्चाने टाइप झाला आहे, तो त्यांना दुसऱ्यांदा टाइप करावा लागतो, याचा संताप येतो.

या दुहेरी कामात पावसाळा सरतो. शाळा जूनमध्ये उघडते, घटक चाचणी होते, सहामाही येते, आणि दृष्टिहीन मुलगा शेजारच्याने वाचून दाखवलेल्या धड्यावर दिवस काढतो. वर्गमित्राला कंटाळा आला की त्याचा अभ्यास थांबतो.

यावर ध्वनिमुद्रित पुस्तकाचा उपाय सुचवला जातो. ते जरूर असावं; गोष्टी, इतिहास, उजळणी यांसाठी फारच उपयोगी. पण फक्त ऐकून शिकलेल्या मुलाला 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कसा कळावा? गणितात तर ऐकणं अगदीच तोकडं पडतं. 'एक्स अधिक दोन भागिले तीन' असं कुणी वाचलं, तर तीनने भागायचं कशाला, दोनाला की सगळ्या बेरजेला? ब्रेलमध्ये अपूर्णांक एकाच ओळीत लिहितात, म्हणून तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याची चिन्हं लागतात. अब्राहम नेमेथ या स्वतः दृष्टिहीन असलेल्या अमेरिकन गणितज्ञाने यासाठी बसवलेली पद्धत १९५२ पासून वापरात आहे. ती येणारा टंकलेखक आणि ती शिकवणारा शिक्षक, दोघंही तालुक्याच्या गावी सहसा भेटत नाहीत.

कर्णबधिर मुलाची अडचण वेगळी, आणि ती अनेकदा लक्षातच येत नाही, कारण पुस्तक तर त्याला दिसत असतं. पण ज्याने मराठी कधी ऐकलीच नाही, त्याला छापील मराठी परक्या भाषेसारखी शिकावी लागते. त्याची सहज भाषा हातांची. पाठ्यपुस्तकं भारतीय सांकेतिक भाषेत आणण्यासाठी एनसीईआरटी आणि सांकेतिक भाषेचं राष्ट्रीय केंद्र यांच्यात ऑक्टोबर २०२० मध्ये करार झाला. चित्रफिती बनू लागल्या, ही मोठीच गोष्ट. मात्र एनसीईआरटीची पुस्तकं वेगळी, बालभारतीची वेगळी. इथल्या मुलाला इथला धडा त्याच्या भाषेत मिळायला हवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, म्हणजे हे सगळं मुळातून नीट करण्याची हीच वेळ आहे. मजकूर युनिकोडमध्ये, शीर्षकं आणि तक्ते रीतसर खुणा केलेले. प्रत्येक नकाशाचं वर्णन धडा लिहिणाऱ्यानेच लिहायचं, कारण तो नकाशा तिथे का आहे हे त्यालाच ठाऊक असतं. 'ब्राझीलचा नकाशा' एवढं लिहिणं म्हणजे वर्णन नव्हे. 'ॲमेझॉनचं खोरं उत्तरेला, देशाचा फार मोठा भाग व्यापणारं. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत अटलांटिकला मिळते' असं लिहिलं की मूल प्रश्नाला भिडू शकतं. आणि मुद्रितशोधकांच्या यादीत बोटांनी वाचणारा माणूस हवा, मानधनावर नेमलेला.

पालकांनी प्रवेश घेतानाच मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करावी. कलम १७ चा उल्लेख करावा, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि पोच घ्यावी. अर्जात नुसतं 'ब्रेल पुस्तक' असं लिहू नये. भूगोलाचे नकाशे, विज्ञानाच्या आकृत्या, गणिताचे आलेख आणि प्रत्येक विषयाची स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी फाइल, हे सगळं नावानिशी मागावं, आणि ते शाळेच्या पहिल्या दिवशी हवं, हेही लिहावं.