फारियाची झोप आणि बाळंतिणीच्या कळा

पणजीत मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याशेजारी ब्राँझचा एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला पाद्री हात पसरून उभा आहे आणि त्याच्या हातांखाली एक स्त्री मागे कलंडते आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा मनुष्य त्या बाईला ढकलतो आहे की सावरतो आहे, हेच मला कळेना. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचे हे काम 1945 सालचे. पुतळा आहे आबे फारिया यांचा, म्हणजे 1756 साली बार्देशातल्या कांदोळीत जन्मलेल्या जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा.

त्यांच्याविषयी गोव्यात एक आख्यायिका सांगतात. तरुण फारिया लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोरचा थाट पाहून त्याची वाचाच बसली. तेव्हा जवळ बसलेले वडील कोकणीत हळूच म्हणाले, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! मुलाची जीभ सुटली आणि प्रवचन उत्तम झाले. गोष्ट खरी असो वा नसो, भीतीने आखडलेले शरीर आपल्या माणसाच्या, आपल्या भाषेतल्या एका वाक्याने मोकळे होते हे तिच्यात आले आहे, आणि या लेखाला तेवढे पुरेसे आहे.

पुढे 1813 मध्ये फारियांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले. त्या काळी मेस्मरचे अनुयायी मानत, की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि समोरच्याला झोप लावतो. फारियांनी हे मोडीत काढले. द्रव वगैरे काही नाही, झोप लागते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या एकाग्रतेने आणि कल्पनाशक्तीने, झोपवणारा फक्त वाट दाखवतो, असे त्यांचे म्हणणे. पॅरिसने त्यांची थट्टा केली, त्यांच्यावर विनोदी नाटक रचले. 1819 मध्ये ते वारले, त्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. आज संमोहनशास्त्र उभे आहे ते मात्र त्यांच्याच बाजूला.

माझा या विषयाशी संबंध पुस्तकातून आला नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने पुण्यात पहिल्या बाळंतपणाच्या वेळी ‘संमोहन-प्रसूती’चा वर्ग लावला होता. रोज रात्री कानाला हेडफोन लावून ती ध्वनिमुद्रण ऐकायची, श्वास मोजायची. प्रत्यक्षात अठरा तासांच्या कळांनंतर बाळाचे ठोके मंदावले आणि सिझेरियन करावे लागले. बाळ सुखरूप, ती सुखरूप. पण बाराव्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, “मावशी, मला शांत राहता आलं नाही गं. मी नापास झाले.” माझे स्वतःचे बाळंतपण 1994 चे, एका मोठ्या रुग्णालयातले. तिथे ओरडले म्हणून आयाने मांडीवर चापट मारली होती. मला दरडावून गप्प केले गेले, हिला पैसे घेऊन गप्प राहायला शिकवले गेले, की यात खरेच काही वेगळे होते? हे शोधण्यासाठी मी वाचायला लागले.

आधी भाषेचे बोलू. इंग्रजीत गर्भाशयाच्या आवळण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ नुसता ‘आकुंचन’. आपल्याकडे तिला नावच ‘कळ’. ‘वेणा’ हाही वेदनेचाच तद्भव. म्हणजे मराठी बाईला जे होणार आहे त्याचे नाव ऐकतानाच दुखते. संमोहनाच्या वर्गांत इंग्रजी बोलणाऱ्या बायकांनाही ‘आकुंचन’ सोडून ‘लाट’ अशा अर्थाचा शब्द वापरायला सांगतात. हा प्रकार मला आधी पोरकट वाटला होता. आता तितका वाटत नाही. आपल्याच भाषेत बाळंतपणासाठी ‘मोकळी झाली’, ‘हातीपायी सुटली’ असेही शब्द आहेत, आणि त्यांत दुखणे कुठेच नाही.

भीती आणि वेणा यांची सांगड आधुनिक वैद्यकात ठळकपणे घातली ती ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने. पहिल्या महायुद्धाच्या आधी लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत तो एका प्रसूतीला गेला होता. त्याने क्लोरोफॉर्म पुढे केला, बाईने नको म्हटले आणि शांतपणे मूल जन्माला घातले. नंतर कारण विचारले तेव्हा तिने, ते दुखायचे थोडेच असते, अशा अर्थाचे काहीतरी उत्तर दिले. त्या उत्तराने डिक-रीड आयुष्यभर झपाटला. 1933 मध्ये त्याचे पहिले पुस्तक आले. भीतीमुळे ताण, ताणामुळे दुखणे, दुखण्यामुळे आणखी भीती, हे त्याचे चक्र. यातले शरीरशास्त्र त्याने थोडे चुकीचे मांडले. गर्भाशयाच्या तोंडाशी गोल स्नायू आखडतात असे तो म्हणे, पण तो भाग मुख्यतः संयोजी ऊतीचा असतो, स्नायू तिथे थोडेच. गाभा मात्र पार चुकीचा नव्हता. घाबरल्यावर रक्तात ॲड्रेनलिन वाढते, आणि ॲड्रेनलिन गर्भाशयाचे आकुंचन मंदावते. मुदतीपूर्वी येणाऱ्या कळा थोपवायला ज्या औषधांचा उपयोग केला गेला, त्यांतली काही याच वाटेने काम करतात.

डिक-रीडची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘आदिम’ बायकांना बाळंतपणात दुखत नाही, सुशिक्षित बायकाच भित्र्या, अशी त्याची समजूत होती. आपल्याकडेही शेतात खुरपता खुरपता बाळंत झालेल्या आणि संध्याकाळी भाकऱ्या थापायला बसलेल्या बाईची गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. ती सांगणाऱ्यांत त्या बाईला कोणी विचारलेले मी अजून पाहिले नाही.

संमोहनाचा पद्धतशीर वापर झाला तो सोव्हिएत युक्रेनमध्ये. 1920 च्या दशकात खारकीव्हला प्लातोनोव्ह आणि वेल्वोव्स्की हे डॉक्टर बाळंतिणींना संमोहित करत. अडचण अशी, की संमोहन एकेका बाईवर करावे लागते आणि वेळखाऊ असते, बायका तर हजारो. म्हणून वेल्वोव्स्की आणि सहकाऱ्यांनी झोपवणे सोडले. शरीरात काय घडते याची माहिती, श्वासाचा सराव आणि पाव्हलोव्हच्या सिद्धांताचा आधार देऊन 1949 मध्ये त्यांनी नवी पद्धत मांडली. 1951 मध्ये फ्रेंच डॉक्टर फर्नां लमाझ यांनी ती लेनिनग्राडमध्ये पाहिली आणि पॅरिसला धातुकामगारांच्या संघटनेच्या रुग्णालयात सुरू केली. 1956 मध्ये पोप बाराव्या पायस यांनीही या पद्धतीत धर्माला आक्षेपार्ह काही नाही असा निर्वाळा दिला. कम्युनिस्ट रुग्णालय आणि व्हॅटिकन एका गोष्टीवर सहमत झाल्याची उदाहरणे फार नसावीत.

पण लमाझविषयी एक तपशील वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. शीला किट्झिंगर या ब्रिटिश अभ्यासिकेने नोंदवले आहे, की लमाझ बाळंतिणींना श्रेणी देत असे, ‘उत्तम’पासून ‘पूर्ण अपयश’पर्यंत. मोजमाप काय, तर बाई किती तळमळली आणि किती ओरडली. माझ्या भाचीचा ‘नापास’ हा शब्द तिचा एकटीचा नव्हता. तो सत्तर वर्षे जुना होता.

आज या वर्गांत जे शिकवतात ते बहुतेक अमेरिकेतल्या मेरी मोंगन यांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या वळणाचे असते. त्यात गूढ काही नाही. श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांबवायचा. कपाळ, जबडा, खांदे, मुठी एकेक करून सैल सोडायच्या. कोणाला शवासन आठवेल, तर ते बरोबरच आहे. मग लक्ष एका जागी बांधायचे, हाताच्या स्पर्शावर किंवा ओळखीच्या आवाजावर, आणि तशा अवस्थेत ठरावीक सूचना पुन्हा पुन्हा ऐकायच्या. आठवडेच्या आठवडे सराव झाला की तो स्पर्श झाला किंवा तो आवाज आला की शरीर आपोआप सैल पडू लागते. बाई बेशुद्ध नसते, बोलते, चालते, नको असेल ते नाकारते.

मग याचा उपयोग किती? 2016 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 9 चाचण्यांचा, एकूण 2954 स्त्रियांचा आढावा घेतला. संमोहन शिकलेल्या स्त्रियांनी वेदनाशामके एकंदरीत कमी घेतली. पण एपिड्युरल, म्हणजे पाठीत सुई टोचून दिले जाणारे बधिरीकरण, घेणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. नैसर्गिक प्रसूतीच्या प्रमाणातही ठळक फरक नव्हता. डेन्मार्कमध्ये 1222 स्त्रियांवर झालेल्या चाचणीतही एपिड्युरल आणि वेदना यांत फरक दिसला नाही. इंग्लंडमधल्या 680 पहिलटकरणींच्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. स्वसंमोहन शिकलेल्या गटात 27.9 टक्क्यांनी एपिड्युरल घेतले, न शिकलेल्यांत 30.3 टक्क्यांनी. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नव्हेच.

इथे मी निराश झाले होते. मग त्याच अहवालांतला दुसरा भाग वाचला. इंग्लंडमधल्या स्त्रियांना प्रसूतीनंतर विचारले, तेव्हा भीती आणि चिंता त्यांच्या आधीच्या अंदाजापेक्षा कमी निघाली, आणि ही घट शिकलेल्या गटात जास्त होती. डेन्मार्कमध्येही संमोहन शिकलेल्यांनी आपला अनुभव अधिक चांगला असल्याचे सांगितले. दुखणे तेवढेच, मग अनुभव वेगळा कसा?

याचे उत्तर मला प्रसूतीशी संबंध नसलेल्या एका प्रयोगात सापडले. 1997 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी काही माणसांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात बुडवले, त्यांना संमोहित केले आणि दुखण्याचा त्रास कमी किंवा जास्त वाटेल अशा सूचना दिल्या. पाणी तेवढेच गरम, दुखण्याची तीव्रताही तेवढीच जाणवत होती. बदलला तो त्रास. मेंदूच्या चित्रांत तीव्रता नोंदवणारा भाग जवळपास तसाच राहिला, तर वेदनेच्या क्लेशाशी निगडित भागातली हालचाल सूचनेप्रमाणे कमी-जास्त झाली. म्हणजे दुखणे आणि दुखण्याचा जाच या दोन गोष्टी आहेत. संमोहनाचा हात पोहोचतो तो दुसरीपर्यंत.

म्हणून ‘वेदनारहित प्रसूती’ अशी जाहिरात करणाऱ्यांवर माझा राग आहे. ज्याचे आश्वासन देता येत नाही ते विकले की दोष विकत घेणारीच्या माथी येतो. बाळाचे ठोके मंदावणे, रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब यांवर श्वासाचा उपाय नाही, आणि तिथे वेळ दवडणे जिवावर बेतते. गंभीर मानसिक आजार असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय संमोहनाच्या वाटेला जाऊ नये. पण भीतीवर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत, वेदना कमी करण्यासाठी मागणी करणाऱ्या निरोगी स्त्रियांना शिथिलीकरणाची तंत्रे द्यावीत असे म्हटले आहे. त्याच शिफारशींत बाईच्या पसंतीचे माणूस तिच्याजवळ असावे असेही आहे. या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा तर संमोहनाहून कितीतरी भक्कम. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 26 चाचण्या आणि 15,000 हून अधिक स्त्रिया होत्या. सतत सोबत मिळालेल्यांच्या कळांचा काळ कमी राहिला, सिझेरियन कमी झाली, अनुभवाविषयीची कटुताही कमी होती. लिस्बनच्या त्या प्रवचनात फारियाजवळ वडील बसलेले होते. आपल्याकडच्या किती प्रसूतिगृहांत बाईजवळ कोणी बसू देतात?

हे सगळे मी भाचीला एका रविवारी वाचून दाखवले. आकडे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे ठोके मंदावले ते मी घाबरले म्हणून नाही?” नाही, म्हटले. डॉक्टरांनीही तिला हेच सांगितले होते, पण तेव्हा तिच्या कानात ध्वनिमुद्रणातला आवाज होता.

आता तिला पुन्हा सातवा महिना लागला आहे. ते जुने इंग्रजी ध्वनिमुद्रण तिने काढून टाकले आणि आईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या आवाजात मराठीत नवे करून घेतले. ताईला ‘लाट’ म्हणायला काही जमले नाही, ती कळच म्हणते. या वेळच्या डॉक्टरीणबाईंनी आत एक माणूस बसायला परवानगी दिली आहे. कोण बसणार, यावर ताईत आणि जावयात अजून वाद चालू आहे.