डोक्यावर काच आणि काचेखाली वासा

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. पण मैत्रिणींनो, स्वतःच्या घरचे वासे मात्र मोजलेच पाहिजेत. विशेषतः त्या वाशांवर काच बसणार असेल तर!

मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावात घर वाढतं ते मागच्या अंगाला. परसात एक खोली निघते आणि स्वयंपाकघराची मागची खिडकी त्या खोलीत जाते. मग भरदिवसा दिवा लावून भाजी निवडायची. जुन्या धाब्याच्या घरात छताला झरोका तरी असायचा. म्हणून आता ‘नव्या खोलीवर टिनाऐवजी काच टाकू’ असा विचार पुढे येतो. विचार चांगलाच आहे. फक्त लाकूड आणण्याआधी थोडा हिशेब करायला हवा.

१० बाय १० फुटांच्या खोलीवर टिनाचे पत्रे टाकले तर वजन होतं साधारण ४०-५० किलो. तेवढ्याच जागेवर १० मिलिमीटर जाडीची काच टाकली तर ते जातं सव्वादोन क्विंटलांवर! १ मिलिमीटर जाडीची काच १ चौरस मीटरला अडीच किलो भरते, त्यावरून हा आकडा निघतो. शिवाय दुरुस्तीला वर चढणारा माणूस आहेच. त्यासाठी मानकांमध्ये साध्या छताला दर चौरस मीटरला ७५ किलो भार धरतात. उतार जास्त असेल तर तो थोडा कमी धरतात.

आता खरी गोष्ट. टिनाखालचा वासा थोडा वाकला तर टिन वाकून घेतं. काच वाकत नाही, तडकते. म्हणून इथे ‘वासा मोडणार नाही ना?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘वासा झुकेल किती?’ हेही विचारायला हवं. लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकात (आयएस ८८३) कौलं, सिमेंटचे पत्रे अशा ठिसूळ वस्तूंखालच्या लाकडाने लांबीच्या ३६०व्या भागापेक्षा जास्त झुकू नये, असं आहे. म्हणजे १० फुटांच्या वाशाला फार तर ८ मिलिमीटर.

दोन-दोन फुटांवर सागवानी वासे धरले, तर पूर्ण भार आल्यावर २ बाय ४ इंची वासा सुमारे १७ मिलिमीटर झुकतो. २ बाय ५ चा जेमतेम काठावर येतो. २ बाय ६ चा ५-६ मिलिमीटरवर थांबतो. तेव्हा १० फुटांना ६ इंची वासाच घ्यावा. लांबी १२ फूट झाली तर झुकणं दुप्पट होतं. मग वासा आणखी उंच हवा, नाहीतर मधे तुळई हवी.

मिस्त्री कधीकधी म्हणतो, “ताई, ३ बाय ४ चा घ्या, जाड आहे.” लाकूड तेवढंच लागतं, पैसेही जवळपास तेवढेच. पण २ बाय ४ चा ३ बाय ४ केला तर ताठपणा दीडपट होतो, आणि २ बाय ६ करून उभा बसवला तर तिपटीहून जास्त! वाशाचं बळ त्याच्या उंचीत असतं. आरामशीनवर माप घेताना रंध्यात पाव इंच जाणार, हेही धरा. लाकूड वाळलेलंच घ्या. ओलं लाकूड उन्हाळ्यात पिळतं आणि काचेला तडा देतं.

काच कोणती? डोक्यावर साधी काच कधीच नको. दोन काचांच्या मधे पातळ पडदा असलेली लॅमिनेटेड काच घ्या. ती फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात, खाली खेळणाऱ्या लेकरांच्या अंगावर पडत नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये बुलडाणा-जालना भागात गारांनी काय केलं, ते आपण विसरलेलो नाही. छतावर उड्या मारणारी वानरं तर वर्षभर आहेतच. काच थेट लाकडावर ठेवू नका. खाली रबराची पट्टी हवी आणि काचेला फुगायला कडेला थोडी जागा हवी. १० फुटांना निदान अडीच-पावणेतीन फूट उतार द्या, म्हणजे पाणी आणि धूळ थांबणार नाही.

आणखी एक. आपल्याकडचा मे महिना आठवा! सगळं छत काचेचं केलं तर खोलीची भट्टी होईल. उत्तरेकडच्या बाजूला दोन वाशांमधला एखादा पट्टा काचेचा आणि बाकी टिन, एवढ्यानेही स्वयंपाकघर उजळतं. खर्चही वाचतो. मात्र काचेच्या दोन्ही बाजूंचे वासे ६ इंचीच ठेवा.

हे आकडे अंदाजासाठी आहेत. काम सुरू करण्याआधी एखाद्या इंजिनिअरला माप दाखवून घ्या. आणि मिस्त्री “काही होत नाही ताई” म्हणाला, तर टेप पुढे करून विचारा, “भाऊ, वासा किती इंच उंच आहे?” त्या खोलीत दिवसभर आपणच वावरणार आहोत. मग विचारायला कसली भीड?