उत्तरेची वीजवाहिनी आणि उद्योगांचा आग्रह

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्य भागात तांबे व सोन्याचे मोठे साठे असले, तरी पारेषण वाहिनी, म्हणजेच उच्च दाबाने वीज दूरवर नेणारी मुख्य वाहिनी, तेथे पोहोचलेली नव्हती. म्हणूनच खाणउद्योगाने आणि स्थानिक व्यावसायिकांनी तिच्या उभारणीचा सातत्याने आग्रह धरला. टेरेसजवळील स्कीना उपकेंद्रापासून बॉब क्विन लेकपर्यंतची २८७ किलोव्होल्ट दाबाची, सुमारे ३४४ किलोमीटर लांबीची वाहिनी २०१४ मध्ये कार्यान्वित झाली. पुढील विस्तारामुळे रेड ख्रिस खाणीत खनिजयुक्त दगड दळणाऱ्या अजस्र यंत्रांना वीज मिळाली आणि डिझेल जनित्रांवर विसंबलेले ताल्तान आदिवासींचे इस्कुट गावही वीजजाळ्याशी जोडले गेले. उद्योगांच्या मागणीतून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वाहिनीने वाटेवरील वस्त्यांनाही असाच लाभ दिला पाहिजे.