सुरक्षेची भाषा

बारावीचे निकाल लागले, की घरोघरी एकच चर्चा असते, आता पुढे काय? डॉक्टर, इंजिनिअर, बँक अशी नावं निघतात. ‘सेफ्टी ऑफिसर’ हे नाव सहसा कुणी घेत नाही. कामावर गेलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी यावा, हे पाहणं हीच ज्याची नोकरी, तो सुरक्षा अधिकारी.

१९४८च्या कारखाने अधिनियमात या पदाची तरतूद १९७६च्या दुरुस्तीने आली. तेव्हा ती हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी होती. १९८४मध्ये भोपाळची वायुगळती झाली आणि १९८७मध्ये धोकादायक उद्योगांसाठी कायदा आणखी कडक झाला. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हजाराची मर्यादा पाचशेवर आली आहे. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यासाठी आणि बांधकामासाठी ती अडीचशे, तर खाणीसाठी शंभर आहे. म्हणजे या माणसांची गरज वाढणार आहे.

यासाठी साधारणपणे इंजिनिअरिंगची पदवी किंवा पदविका, अथवा विज्ञानाची पदवी लागते. त्यावर प्रत्यक्ष कामाचा काही वर्षांचा अनुभव आणि मग औद्योगिक सुरक्षेची पदविका. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत असा अभ्यासक्रम चालतो. यंत्रं, आग, वीज, रसायनं, कामामुळे जडणारे आजार, कायदे हे सारं त्यात येतं. धोका मुळातच काढून टाकता येतो का, हे आधी पाहायचं. हेल्मेट आणि हातमोजे सर्वांत शेवटी, हे तिथे शिकायला मिळतं.

पात्रतेच्या नियमांत अनेक राज्यांनी आणखी एक अट घातली आहे. त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा या अधिकाऱ्याला चांगली यायला हवी. ही अट किती शहाणपणाची आहे, ते पाहा.

सांडपाण्याच्या बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पण प्रमाण वाढलं, की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला, असं आतल्या माणसाला वाटतं आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. म्हणून आत जाण्याआधी यंत्राने हवा तपासायची, ताजी हवा खेळवायची, लेखी परवाना घ्यायचा, कमरेला दोर बांधायचा, बाहेर माणूस उभा ठेवायचा. आणि कुणी कोसळलाच, तर श्वसनयंत्राशिवाय मागोमाग उतरायचं नाही.

हे सगळं इंग्रजी फलकावर लिहिलेलं असतं. टाकीत उतरणारा कंत्राटी कामगार मराठवाड्यातला असतो, बिहारचा असतो, ओडिशाचा असतो. फलक लावला म्हणजे कागदावर काम झालं. त्याला कळलं का, हे कोण विचारणार?

मी कवितेतला माणूस. माझा शब्द कळला नाही, तर वाचक पान उलटतो, एवढंच. इथे शब्द कळला नाही, तर माणूस जातो.

म्हणून या वाटेला जाणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन. पदविका जरूर घ्या. पण सूचना दिल्यावर ‘समजलं का?’ असं विचारून थांबू नका. त्यावर प्रत्येक जण मान डोलावतो. ‘आता तू काय करणार, ते मला सांग,’ असं म्हणा. तो त्याच्या भाषेत नीट सांगू लागला, की मगच परवान्यावर सही करा.