नाचरा काटा

सेसना १७२ च्या पॅनेलवर डावीकडे खाली एक लाल स्विच असतो, मधोमध चिरलेला. उजवा अर्धा बॅटरीचा, डावा ऑल्टरनेटरचा. विमानात बसलं की पहिल्यांदा हाच दाबायचा आणि उतरताना शेवटी हाच बंद करायचा. चाळीस वर्षांत तो किती वेळा खालीवर झाला असेल, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. इंजिनाच्या तासांचा मात्र मिनिटामिनिटाने ठेवला जातो.

संपादकांनी मला वैमानिक-प्रशिक्षणाच्या वाढत्या मागणीवर लिहायला पाठवलं होतं. राज्यातल्या एका छोट्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये शिरलो आणि त्या मागणीपेक्षा पॅनेलखाली पाठीवर झोपलेल्या एका एएमईंमध्ये, म्हणजे विमान-देखभाल अभियंत्यांमध्ये, जास्त अडकलो. पायाशी मल्टिमीटर आणि तोंडात टॉर्च. शिकाऊ मुलं त्यांना सर म्हणत होती, म्हणून मीही म्हणू लागलो.

विमानाचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १९५६ साली १७२ चं उत्पादन सुरू झालं. आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक बनली, इतक्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यांना कंटाळून कंपनीने १९८६ मध्ये उत्पादन थांबवलं. १९९४ च्या कायद्याने जुन्या विमानांवरच्या दाव्यांना मुदत घातली, तेव्हा १९९६ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. मधल्या दहा वर्षांत जुन्यांनाच जपावं लागलं, आणि ती जपणूक अजून संपलेली नाही.

त्या दिवशीची तक्रार साधी वाटणारी होती. अ‍ॅमीटरचा काटा स्थिर राहत नव्हता, डावीउजवीकडे नाचत होता. याआधी कुठेतरी ऑल्टरनेटर बदलून झाला होता, व्होल्टेज रेग्युलेटरही. काटा नाचतच होता. “महागाच्या वस्तू आधी बदलतात,” सर पॅनेलखालूनच म्हणाले, “कारण त्या हाताला लवकर लागतात.”

रेग्युलेटरचं काम बसबारचं, म्हणजे विमानातल्या मुख्य वीजपट्टीचं, व्होल्टेज बघून ऑल्टरनेटरच्या फील्ड कॉइलला कमी-जास्त करंट देण्याचं. पण तो ते व्होल्टेज थेट बघत नाही. सर्किट ब्रेकर आणि त्या लाल स्विचचा डावा अर्धा, यांतून आलेल्या वायरीच्या टोकाला बघतो. फील्डचा करंटही त्याच वाटेने जातो. स्विचचे आतले कॉन्टॅक्ट काळे पडले की तिथेच थोडं व्होल्टेज खाल्लं जातं. रेग्युलेटरला वाटतं, बसबार उपाशी आहे. तो करंट वाढवतो, वाढलेल्या करंटने त्या काळ्या कॉन्टॅक्टवर आणखी व्होल्टेज पडतं, मग व्होल्टेज वर गेल्यावर तो करंट एकदम तोडतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. बिचारा रेग्युलेटर खोट्या बातमीवर प्रामाणिकपणे काम करत असतो.

सरांनी मीटरची एक पिन बसबारला, दुसरी रेग्युलेटरच्या टोकाला लावली. जिथे जवळपास शून्य दिसायला हवं तिथे अर्ध्या व्होल्टाच्या वर आकडा आला. मग ब्रेकरच्या दोन्ही बाजू, मग स्विचच्या. चोर स्विचमध्ये निघाला.

एवढ्याने विमान पडतं का, असं मी विचारलं. पडत नाही. ठिणगीसाठी इंजिनाचे स्वतःचे मॅग्नेटो असतात, त्यांना बॅटरीशी देणंघेणं नाही. १९५८-५९ मध्ये लास व्हेगासवर रॉबर्ट टिम आणि जॉन कुक यांनी एक १७२ न उतरवता ६४ दिवस २२ तास १९ मिनिटं उडवत ठेवलं, त्यात एकोणचाळिसाव्या दिवशी जनरेटर गेला. दिवे गेले, हीटर गेला, पेट्रोल चढवणारा विजेचा पंपही गेला. ते हाताने पंप मारत राहिले आणि इंजिन चालत राहिलं. पण फ्लॅप विजेवर चालतात. फ्लॅपशिवाय विमान जास्त वेगाने उतरतं, आणि तो वेग धावपट्टीवर जिरवायचा असतो ब्रेकनी.

ब्रेक अगदी गरीब घरचे. रडर पेडलच्या वरच्या भागावर बोटांनी दाबायचं, मागे छोटा मास्टर सिलिंडर; पंप नाही, बूस्टर नाही, पायात असेल तेवढाच जोर. शिकाऊ वैमानिक टाचा जमिनीवर ठेवायला विसरतात आणि टॅक्सी करताना नकळत ब्रेक दाबून धरतात. लायनिंग अडीच मिलिमीटरवर आलं की बदलायचं. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या तर एका बाजूचंच लायनिंग खाल्लं जातं. एअर काढायची तर चाकाकडून वर, तेल खालून ढकलत, कारण बुडबुडा वर जायलाच बघतो. तेल लाल, खनिज जातीचं. घाईत कोणी कारचं ब्रेक ऑइल ओतलं तर आतल्या रबरी रिंगा फुगून निकामी होतात.

त्या रिंगांवरून अडचणींचा पाढा सुरू झाला. तशाच मापाची रिंग मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मूठभर मिळते. चालत नाही. प्रत्येक भागासोबत तो कुठे बनला, कोणी तपासला याचं प्रमाणपत्र लागतं. रबराला तर कपाटातही वय असतं. लाल स्विचचंही तेच. तो बाहेरून येणार, कस्टममधून सुटणार, मग कागदावरचा पार्ट नंबर वस्तूवरच्या नंबराशी जुळवायचा. एक आकडा चुकला की परत. हे जाचक आहे, पण मला ते पटतं. विमान उड्डाणाला मोकळं करण्याची सही शेवटी सरांची असते, आणि सही करणाऱ्याने बाजाराच्या भरवशावर राहू नये.

माणसांचंही तसंच. पिस्टन इंजिनांचं लायसन्स वेगळं, जेटचं वेगळं, आणि पगार जेटकडे. हातात मीटर धरायला शिकलेला मुलगा दोन-तीन वर्षांत एअरलाइनकडे जातो. “जाऊ दे,” सर म्हणाले, “मी तरी कशाला अडवू?” त्यानंतर त्यांनी विषय बदलला.

नवा स्विच येईपर्यंत विमान उभं. आणि उभं राहणं त्याला मानवत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत साध्या पोलादी ब्रेक डिस्कवर गंज चढतो. रोज उडणाऱ्या विमानात तो लायनिंगच घासून काढतं, उभ्या विमानात खोल जातो. स्विच आल्यावर आधी चाकं काढून डिस्क बघाव्या लागतील. गंजाने खड्डे पडले असतील, तर त्यांचीही ऑर्डर, त्यांचंही प्रमाणपत्र, त्यांचंही कस्टम.