चार पुतळ्यांपाशी घटकाभर



बँकेचे काम, मोटारीचे सामान, नाहीतर कोर्टाची तारीख. या ना त्या निमित्ताने आपले सोलापूरला जाणे होतेच. "चार पुतळ्यांपाशी थांब, आलोच" असा एकमेकांना निरोप देतो आणि काम उरकले की घरची वाट धरतो. गेल्या हंगामात मीही तिथे असाच उभा होतो. बरोबर सातवीतला नातू. त्याने विचारले, "आबा, हे चौघे कोण?" मला दोनच नावे आली. पोरापुढे मान खाली गेली.

युरोपात बेल्जियम म्हणून एक लहानसा देश आहे. तिथल्या ब्रुसेल्स शहरात एक जुना चौक आहे. परक्या स्पॅनिश राजवटीने १५६८ साली एग्मोंट आणि होर्न या दोन सरदारांचा त्या चौकात शिरच्छेद केला. जगभरचे लोक पदरमोड करून तो चौक बघायला जातात. आपला चौक मात्र एस.टी.च्या तिकिटात आहे, आणि तिथे आपण नुसती माणसाची वाट बघतो!

घरी येऊन वाचले, ते थोडक्यात सांगतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी लोक रूपाभवानीकडे शिंदीची झाडे तोडायला गेले. सरकारला दारूचे उत्पन्न मिळू द्यायचे नाही, हा त्यातला हेतू. पोलिसांनी धरपकड केली, गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग जमाव आवरेना. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले. पुढे ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमल म्हणून उरला नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा आला, तो ३० जूनपर्यंत. त्या दिवसांत डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा होई. आज आपण ती सकाळी उठून सहज डोक्यावर ठेवतो!

पोलिसांच्या खुनाचा खटला चौघांवर चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांचे पुढारी. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिले. नावे वाचा म्हणजे कळेल. चौघांची घरे वेगळी, चालीरीती वेगळ्या, देवाला हाक मारायची तऱ्हा वेगळी. फास मात्र एकाच दिवशी. आणि आपण? एका बांधावरून, एका पाळीच्या पाण्यावरून भावाभावांत बोलणे टाकतो.

१२ जानेवारी म्हणजे ऐन गाळपाचे दिवस, हे खरे. पण त्याच सुमारास सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, आणि यात्रेला तर आपण पोराबाळांना घेऊन जातोच. तिथून चार पुतळे काही लांब नाहीत. घटकाभर वाकडी वाट करा. पोरांना चारही नावे मोठ्याने म्हणायला लावा.

मी यंदा नातवाला घेऊन पुन्हा गेलो. त्याने चारही नावे बिनचूक सांगितली. मी डोक्यावरची टोपी नीट केली आणि हात जोडले.